जवळचा ट्रेड हब दाखवणारं टूल नवख्यांना पहिल्याच दिवशी द्यावं का? (ईव्ह ऑनलाइन, अंतराळातला ऑनलाइन खेळ)

गेटवरचा
आमच्या कॉर्पमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, गेल्या महिन्यात तीन नवीन पोरं आली. तिघांनाही कुणीतरी लगेच एका टूलची लिंक दिली. आपण आहोत ती सिस्टिम (ताऱ्याभोवतीचा भाग) टाकायची, की ते सांगतं जिता किती जम्प, अमार किती, डोडिक्सी, रेन्स, हेक किती. हे पाच म्हणजे ट्रेड हब, खेळातल्या मोठ्या पेठा; जम्प म्हणजे गेटमधून शेजारच्या सिस्टिममध्ये एक उडी. सगळ्यात कमी आकडा वर. माझं मत स्पष्ट आहे: पहिला महिनाभर हे देऊ नये.

त्यातला एकजण मेट्रोपोलिस या रिजनमध्ये (अनेक सिस्टिमांचा प्रदेश) खाणकाम करतो. दोन संध्याकाळी खपून त्याने ट्रिटॅनियम हे खनिज जमवलं, टूलने हेक म्हटलं, हा सगळा माल भरून हेकला गेला आणि तिथल्या बाय ऑर्डरला (दुसऱ्या खेळाडूने लावलेली खरेदीची मागणी) विकून आला. नंतर मी त्याच्या स्टेशनचं मार्केट उघडून बघितलं. काही जम्पची रेंज असलेली एक बाय ऑर्डर तिथेच दिसत होती, हेकपेक्षा चढ्या भावाची; रेंज म्हणजे ती ऑर्डर किती लांबवरचा माल घेते ते, आणि तिच्यात त्याचं स्टेशन येत होतं, हेक नाही. जागेवरून न हलता माल विकला गेला असता. त्याने मार्केटची खिडकी उघडलीच नव्हती, कारण कुठे जायचं ते आधीच ठरलं होतं. खेळातला बाजार वाचायला शिकणं हाच तर व्यापाराचा गाभा आहे, आणि टूल नेमकं तेच काढून घेतं.

खनिजवाली
अजिबात पटलं नाही. मुलं झोपल्यावर रात्री साडेनऊ ते साडेदहा, एवढाच वेळ मला मिळतो. खेळातलं मार्केट आपण ज्या रिजनमध्ये उभे आहोत तेवढंच दाखवतं. जिता द फोर्जमध्ये, अमार डोमेनमध्ये. दुसरीकडचा भाव हवा तर तिथवर जा, नाहीतर तिथे एक जादा कॅरेक्टर बसवून ठेवा. जुन्या खेळाडूंची अशी कॅरेक्टर प्रत्येक हबमध्ये बसलेली आहेत. त्यांना सगळे भाव घरबसल्या दिसतात आणि नवख्याने मात्र अंधारात चाचपडत शिकायचं? ही माहिती खेळ बनवणाऱ्या सीसीपीने स्वतःच इएसआयमधून (बाहेरच्या टूलना खेळाची माहिती देणारी सोय) खुली ठेवली आहे, ऑर्डरी पाच-पाच मिनिटांनी ताज्या होतात. ती वापरण्यात चुकीचं काय?

आणि तुमच्या पोराचं म्हणाल तर त्याला बाय ऑर्डरची रेंज काय असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम कॉर्पमधल्या जुन्यांचं होतं, टूलचं नव्हे.

मालवाहू
तुमचं दोघांचंही सगळं भावावर चाललंय. रस्त्याचं कुणी बोलतच नाही.

सुरुवातीच्या दिवसांत मी डोडिक्सीहून जिताला निघालो. टूलमध्ये जम्पचा आकडा होता, बाकी काही नाही. बॅजर हे मालवाहू जहाज गच्च भरलेलं, जवळचे सगळे इस्क (खेळातले पैसे) त्या मालात, आणि ऑटोपायलट लावून मी जेवायला बसलो. ऑटोपायलटवर जहाज थेट गेटवर उतरत नाही, अलीकडे काही किलोमीटरवर उतरतं आणि मग रांगत जातं. वाटेतल्या उएदामा सिस्टिममध्ये त्या रांगण्यातच चार कॅटॅलिस्ट, म्हणजे हल्लेखोरांची लढाऊ जहाजं, आली. परत येऊन बघतो तर स्क्रीनवर नुसता पॉड, जहाज फुटल्यावर उरणारी खलाशाची कुपी. कॉन्कॉर्ड, म्हणजे खेळातली पोलिस, आली, त्या चौघांना फोडलंही, पण माझं जहाज आणि माल तोवर गेला होता. उएदामाची सुरक्षा पातळी 0.5, हायसेकची (सुरक्षित मानल्या जाणाऱ्या भागाची) अगदी शेवटची पायरी, तिथे कॉन्कॉर्ड उशिराच पोचते. ती शिक्षा करते, वाचवत नाही. हे मला त्या रात्री कळलं.

गेल्या तासाभरात कुठल्या सिस्टिममध्ये किती जहाजं फुटली हे खेळातल्या नकाशावर दिसतं, इएसआयमध्येही मिळतं. जे टूल जम्प मोजतं आणि हा आकडा दाखवत नाही, ते नवख्याच्या हातात देणं मला धोक्याचं वाटतं.

जुना_खलाशी
मी 2006 पासून खेळतो. माझी हरकत वेगळी आहे. त्या टूलमधली पाच नावं दगडावर कोरल्यासारखी वाटतात, पण तशी ती नाहीत. खेळाच्या पहिल्या काळात मोठी पेठ युलाईला होती, कारण लांबलांबच्या भागांना जोडणारे गेट तिथे येऊन मिळत. ते थेट रस्ते काढले आणि पेठ उठली. जिताला सीसीपीने हब म्हणून बांधलेलं नाही, लोक तिथे जमत गेले म्हणून ते झालं.

2020 मध्ये जिता-अमार वाटेवरची नियार्जा सिस्टिम ट्रिग्लावियनांच्या, खेळातल्या एका आक्रमक जमातीच्या, ताब्यात गेली. तोवर जिता ते अमार हायसेकमधून नऊ-दहा जम्प होते. एका रात्रीत ते चाळीसच्या वर गेले. ज्यांनी दोन्हीकडे माल मांडून ठेवला होता त्यांचं सगळं गणित कोलमडलं. हब म्हणजे नुसतं ठिकाण नाही, त्याच्याकडे येणारी वाटही त्यातच आली. मालवाहू म्हणतोय ते म्हणूनच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

गेटवरचा
खनिजवाली, तुमच्या एका तासाचा विचार मी केला नव्हता, हे कबूल. आमच्याकडे बहुतेक पोरं कॉलेजातली, रात्रभर जागणारी. ज्याला तासभरच मिळतो त्याला भाव शोधत फिरायला सांगणं बरोबर नाही. रेंजचं आम्ही शिकवायला हवं होतं, हेही खरं.

पण सगळ्यात वर कमी जम्पवाला हब ठेवण्याला माझा विरोध कायम आहे. नवखा पहिली ओळ बघतो आणि निघतो. दुसरी ओळ तो वाचत नाही.

खनिजवाली
मग पहिल्या ओळीत काय ठेवायचं ते सांगा. भाव ठेवला तर प्रत्येकजण जितालाच जाणार आणि रेन्स-हेकमध्ये आज जे थोडंफार मिळतं तेही मिळेनासं होईल. मी हेकला मॉड्यूल (जहाजाला जोडायचे भाग) विकते, भाव जितापेक्षा चढा लावते आणि ते खपतात, कारण कुणाला तरी ते आत्ता, जवळ हवे असतात. त्या माणसाला माझ्यापर्यंत हेच टूल आणतं. जम्पची ओळ काढलीत तर माझं दुकान बंद.

मालवाहू
जम्पची ओळ राहू दे. तिच्या शेजारी तासाभरात फुटलेल्या जहाजांचा आकडा हवा, त्याच आकाराच्या अक्षरांत. मी तेवढंच मागतोय.

गेटवरचा
रविवारी रात्री साडेनऊला तिघा पोरांना घेऊन हेकचा एक फेरा मारतोय. निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या स्टेशनचं मार्केट उघडून स्वतःच्या मालाच्या बाय ऑर्डरी मला वाचून दाखवायच्या, रेंजसकट. मग टूल. पुढच्या सिस्टिममध्ये स्काउट म्हणून, वाट आधी बघायला, मी असेन, ऑटोपायलट कुणीही लावायचा नाही. खनिजवाली, तुमची वेळ तीच आहे, हेकला असाल तर पोरांना तुमच्या ऑर्डरी दाखवाल का?

खनिजवाली
असेन. त्यांना सांगा, माल थोडाच आणा, पहिल्या खेपेला कार्गो निम्मं रिकामं ठेवा.