मदत हवी आहे: मिलिटरीच्या घड्याळाचा पट्टा निघत नाही

खडकीकर: आजोबांचं मिलिटरीचं घड्याळ आहे. पट्टा कुजलाय, बदलायचाय. घड्याळजी म्हणतो पिना निघत नाहीत, कापाव्या लागतील. रेडियम गेलंय, तेही खरवडून नवीन भरून देतो म्हणाला. भाचा या वेळी एनडीएतून बाहेर पडतोय, त्याला द्यायचंय. कापू देऊ का? लवकर सांगा.

चावीवाला: कंपनी कोणती? डायल काळी की पांढरी? मागच्या झाकणावर काय कोरलंय? काहीच न सांगता कसं कळणार?

निगडी_२७: एचएमटी जवान असणार. फौजेतलं म्हणजे तेच. सतरा ज्वेल (मशीनमधले झीज कमी करणारे खडे), माझं आजही रोज चालतं. पार्ट रविवारी जुन्या बाजारात बघा.

खडकीकर: एचएमटी नाही हो, सायमा. काळी डायल, त्यावर बाण. मागेही बाण आणि तीन डब्ल्यू. ब्रिटिश असेल का?

निगडी_२७: बाण आपल्या लष्कराच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही असतो. त्यावरून ब्रिटिश ठरत नाही.

चावीवाला: बाणावरून नाही, तीन डब्ल्यूंवरून ठरतं. वॉच, रिस्टलेट, वॉटरप्रूफ. ब्रिटिश सरकारने एकच नमुना ठरवून बारा कंपन्यांकडून ही घड्याळं घेतली, १९४५ मध्ये. ओमेगा, लाँजिन, व्हर्टेक्स, सायमा त्यातलेच. बंगलोरला एचएमटीची घड्याळं १९६१ पासूनची, तेव्हा तो विषय सोडा. अटी कडक होत्या: काळी डायल, ठळक आकडे, अंधारात दिसणारे काटे, न फुटणारी काच, पाणी आत न जाणारी केस, पंधरा ज्वेलचं मशीन. आणि तुमच्या त्या पिना नाहीतच, केसलाच पक्क्या बसवलेल्या दांड्या आहेत. स्प्रिंगची पिन धक्क्याने निसटते आणि घड्याळ खंदकात पडतं, म्हणून मुद्दाम तसं केलंय. कापलं की संपलं! दोन्ही दांड्यांतून ओवायचा सलग नायलॉनचा पट्टा घ्या.

वानवडी_निवृत्त: पट्ट्याचं राहू दे, चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबतो का ते बघा. कारवाईच्या आधी सगळ्यांची घड्याळं सेकंदावर मिळवावी लागतात. ते जमत नसेल तर मिलिटरीचं कसलं?

चावीवाला: ती सोय अमेरिकन लष्कराच्या ए-११ घड्याळात होती. या ब्रिटिश नमुन्यात ती अट नव्हती.

वानवडी_निवृत्त: मग अमेरिकन नमुना सरस. एवढंच म्हणतोय.

कर्वेनगर_कलेक्टर: देणार का? मूळ डायल असेल तर चांगली किंमत देतो.

भौतिकशास्त्र: पट्ट्यावर एवढी चर्चा आणि रेडियमवर कुणीच बोलत नाही! या घड्याळांत खरंखुरं रेडियम भरलेलं असायचं. चमक गेली कारण रेडियमच्या किरणांनी चमकणारं त्यातलं झिंक सल्फाइड निकामी झालं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, ते जसंच्या तसं आहे. खरवडलं तर भुकटी हवेत उडून श्वासात जाईल, घड्याळजीच्या आणि शेजारी बसलेल्याच्याही. काच उघडूच देऊ नका. भाच्यालाही नीट समजावून सांगा, आणि उशाशी ठेवून झोपू नको म्हणावं.

निगडी_२७: आणि पावसात घालू नको म्हणावं. वॉटरप्रूफ १९४५ साली होतं, आता त्यातली सीलं कुठली राहिली?

खडकीकर: विकायचं नाही. खरवडायचंही नाही, घड्याळजीला आत्ताच फोन करून सांगितलं. दांड्यांमधलं अंतर मोजलं, १८ मिमी. तो सलग पट्टा कॅम्पात कुठे मिळेल? संध्याकाळी निघतोय.

चावीवाला: बाकी काही नको, नायलॉनचा एकपदरी मागा. चामड्याचा दोन तुकड्यांचा दाखवतील, तो बसणार नाही.