पितळाला संयुग का म्हणत नाहीत?

प्रश्न (पालक, कोथरूड)

नमस्कार. माझी मुलगी आठवीत असून सध्या तिचा द्रव्याच्या वर्गीकरणाचा अभ्यास चालू आहे. मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण हे तीन गट तिला नीट समजले आहेत. पितळापाशी मात्र आमची गाडी अडली आहे. मिश्रणातील घटक आपापले गुणधर्म राखून असतात आणि साध्या भौतिक पद्धतींनी ते वेगळे करता येतात, असे तिला शिकवले आहे. तांबे तांबूस आणि जस्त निळसर करडे असताना पितळ पिवळे कसे, आणि गाळून, निवडून किंवा चुंबक फिरवून ते घटक सुटे होत नसताना त्याला मिश्रण का म्हणायचे, ही तिची शंका मला रास्त वाटते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद 1 (रसायनशास्त्र शिक्षिका, सदाशिव पेठ)

रंगावरून वर्गीकरण ठरवता येत नाही. पाहायचे ते घटकांचे प्रमाण. शुद्ध पाणी खडकवासल्याच्या पाण्यापासून मिळवलेले असो वा प्रयोगशाळेत तयार केलेले असो, त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे वस्तुमानी प्रमाण 1:8 असेच असते. पितळात जस्त 30 टक्के असेल किंवा 40 टक्के, ते पितळच राहते.

घटक वेगळे करण्याचे म्हणाल, तर जस्ताचा उत्कलनांक 907 अंश सेल्सिअस आहे आणि तांब्याचा द्रवणांकच 1085 अंश आहे. त्यामुळे पितळ वितळवताना जस्ताची वाफ निसटते आणि हवेत तिचा पांढरा धूर होतो. हेच काम निर्वात भट्टीत करून ती वाफ थंड केली, तर जस्त वेगळे मिळते. हे ऊर्ध्वपातनच आहे, म्हणजे पद्धत भौतिकच. फक्त ती शाळेच्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगी नाही.

आणखी एक खूण द्रवणांकात सापडते. शुद्ध तांबे एकाच ठरावीक तापमानाला वितळते, तर 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेले पितळ साधारण 915 अंशांना वितळू लागते आणि 955 अंशांच्या आसपास पूर्ण द्रव होते.

प्रतिसाद 2 (धातुशास्त्राचा निवृत्त अध्यापक, शिवाजीनगर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एक भर घालतो. ‘पितळ हे समांगी मिश्रण आहे’ हे शालेय विधान जस्त सुमारे 35 टक्क्यांच्या आत असेपर्यंतच खरे असते. तोवर जस्ताचे अणू तांब्याच्या स्फटिकरचनेत तांब्याच्या अणूंच्या जागी सामावतात. जस्त 40 टक्के असलेला तुकडा घासून, चकचकीत करून, रसायनाने किंचित खोदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दोन निरनिराळ्या प्रकारचे कण शेजारी शेजारी स्पष्ट दिसतात. हाच फरक हातालाही कळतो: 70-30 पितळ थंड असताना ठोकून वाकवता येते, 60-40 मात्र तापवूनच घडवणे सोयीचे असते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालते, तेव्हा ठोके बसतील तसा पत्रा कडक होत जातो आणि तापवल्यावर तो पुन्हा मऊ पडतो. वर्धनीयता शिकवायला याहून चांगली जागा पुण्यात मला माहीत नाही. मुलीला तिथे अवश्य न्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. यातले काही घरच्या घरी पडताळून पाहता येईल का?

प्रतिसाद 3 (भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, औंध)

घनता मोजता येईल. खलबत्त्यातला भरीव पितळी बत्ता घ्या आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचे वजन करा. मग पाण्याने भरलेले भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि बत्ता दोऱ्याने टांगून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर बत्त्याचे आकारमान. 510 ग्रॅमचा बत्ता 60 ग्रॅम दाखवत असेल, तर घनता 8.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर झाली. तेवढ्याच वजनाच्या तांब्याला सुमारे 57 दिसले असते, कारण तांब्याची घनता 8.96 आहे. निरनिराळ्या पितळी वस्तूंचे आकडे थोडे वेगवेगळे आले, तर प्रमाण बदलते म्हणजे काय हे तिला स्वतः पाहता येईल. बत्त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी बोटाने काढा, आणि कल्हई केलेले भांडे या प्रयोगाला घेऊ नका, कारण कथलाचा थर हिशेबात मिसळतो.