रोझेनफेल्ड: कम्युनिस्ट की नुसता निर्वासित?

रानवाट:
काल 'पैलतीर' यांनी लिहिलं, "डॉ. याकोब रोझेनफेल्ड जीव वाचवायला चीनला गेलेला ज्यू. त्याला कम्युनिस्ट म्हणून डोक्यावर घेणं हा निव्वळ प्रचार." वाचल्यापासून स्वस्थ बसवेना.

निर्वासित होता, कबूल. जन्म १९०३चा, लेम्बर्गमधला (आताचं युक्रेनमधलं लव्हिव). डॉक्टर झाला व्हिएन्नात. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातल्यावर आधी डाखाऊ, मग बुखेनवाल्ड, दोन्ही नाझींच्या छळछावण्या. देश सोडायच्या अटीवर सुटला आणि १९३९ला शांघायला उतरला, कारण तिथे व्हिसा लागत नव्हता. इथवर तुमचं खरं. पण शांघायला त्याचा दवाखाना चालू होता की! तो सोडून १९४१मध्ये नव्या चौथ्या फौजेत, म्हणजे जपान्यांशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्टांच्या सैन्यात, कशाला गेला? जीव वाचवायला कोणी जपान्यांच्या तोफांसमोर जातं का?

पैलतीर:
ज्याने छळछावणी भोगली तो फॅसिस्टांशी लढणाऱ्या कोणाकडेही गेला असता. व्हिएन्नात तो सोशल डेमोक्रॅट होता, कम्युनिस्ट नव्हे. आणि त्या राजकारणाने ज्यू डॉक्टरांना काय दिलं? १३ जानेवारी १९५३चा 'प्रावदा', सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं वर्तमानपत्र, आठवा. नऊ डॉक्टरांवर सोव्हिएत पुढाऱ्यांना मारण्याचा कट रचल्याचा आरोप, त्यातले सहा ज्यू. मार्चमध्ये स्टालिन मेला, एप्रिलमध्ये सगळं खोटं ठरलं. स्टालिन जगला असता तर?

भुईकोट:
मॉस्कोचं पाप चीनच्या शानतुंग प्रांतात राबलेल्या रोझेनफेल्डच्या माथी का मारता? पण माझं दुःख वेगळं आहे. मी सोलापूरचा. आमचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टर होते, चौघे परतले. कोटणीस तिथल्या कम्युनिस्ट फौजेच्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले. वय ३२. तेही शेवटच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षात गेले होते, पण आपल्याकडच्या भाषणांत ते वाक्य गाळतात. 'सेवाभावी डॉक्टर' म्हटलं की संपलं.

जुनी बॉन्डवाली:
गाळू द्या. रुग्णाला डॉक्टरचा पक्ष कळून काय करायचंय? मी १९९६ला आदिवासी भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बॉन्डवर डॉक्टर होते. वीज नाही, सलाईन संपलेलं, जीप नादुरुस्त. बाळंतपणात रक्त थांबेना. बाईला बाजेवर घालून नदीपलीकडे नेलं, वाटेतच गेली. तेव्हा कुठलाही झेंडा कामाला आला नाही.

रानवाट:
ताई, जीप का नादुरुस्त होती? सलाईन का संपलं? तेच तर राजकारण!

जुनी बॉन्डवाली:
मला शिकवू नका. त्या बाईचा हात माझ्या हातात होता. भाषणं द्यायला दोन्ही बाजूंचे आले होते, पण नंतर. जीप पुढच्या पावसाळ्यातही तशीच उभी होती.

भुईकोट:
आवाज खाली घ्या दोघांनीही. ताई, माझे वडील कंपाउंडर होते, असल्याच केंद्रात. ते म्हणायचे, औषध संपलं की डॉक्टरने आधी रुग्णाजवळ बसावं आणि मग कलेक्टरच्या दारात. दोन्ही करणारे फार थोडे.

पैलतीर:
मूळ प्रश्नाकडे येऊ का? रोझेनफेल्ड १९४९ला ऑस्ट्रियाला गेला. पुन्हा चीनला जायचं होतं, जाता आलं नाही. १९५२ला तेल अवीवमध्ये हृदयविकाराने गेला. ४९ वर्षांचा माणूस. ज्यांच्यासाठी उभी उमेद घालवली, त्यांच्यात त्याला जागा उरली नव्हती. हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाहीत.

रानवाट:
लिहायला हवं होतं. पण १९४२मध्ये तो चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला, हे तुम्हीही लिहिलं नाहीत. पुढे शानतुंगला सेनानी लो रोंगह्वानच्या मूत्रपिंडाच्या आजारावर त्यानेच उपचार केले. आणि चीन सोडल्यावरही परत जायची ओढ होती, असं आत्ता तुम्हीच लिहिलंत. निर्वासिताला अशी ओढ कशाची?

पैलतीर:
ठीक. 'नुसता निर्वासित' हा शब्द मागे घेतो. 'प्रचार' हा मात्र नाही.

जुनी बॉन्डवाली:
त्या फौजेत बाळंतपणं कोण करायचं, हे कुणाला माहीत असेल तर सांगा. मला तेवढंच वाचायचंय.