मदत हवी आहे: ईआयचे (नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या सरकारी विमा-भत्त्याचे) आठवडे मधेच वाढतात का? (कॅनडा)

विंडसरला राहतो, पीआर (कायम रहिवासी) आहे. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून ले-ऑफ झाला. आरओईवर (कंपनीने दिलेल्या नोकरीच्या दाखल्यावर) कामाचे १,२४० तास आहेत. ईआय मंजूर झालंय, पैसे सुरू आहेत, दर दोन आठवड्यांचा रिपोर्टही वेळेवर भरतो. त्यामुळे तास पुरतात का, हा प्रश्नच नाही.

घोडं अडलंय पैसे किती आठवडे मिळणार यावर. आठवडे १४ ते ४५ यांच्यात मिळतात, आणि आकडा तास व आपल्या भागातला बेरोजगारीचा दर यांवरून ठरतो, इथवर कळलं. पण हा बेरोजगारीचा दर म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, आणि तो प्रत्येक महिन्याला बदलतो. माझा क्लेम सुरू झाल्यानंतर इथला दर वाढलाय. मंजुरीच्या पत्रात मात्र आठवड्यांचा जुनाच आकडा. हेल्पलाइनला दोनदा फोन केला. एकदा लाइन कटली, दुसऱ्यांदा ‘पत्रात आहे तेच’ एवढंच उत्तर. आठवड्यांच्या तक्त्यातला वाढलेल्या दराचा रकाना बघून जीव मात्र वरखाली होतो!

ब्रॅम्प्टनला भावाकडे जायचाही विचार आहे, पण भाग बदलला तर आहेत तेही आठवडे कापले जातील का, ही धास्ती. वकील सध्या परवडणार नाही.

क्लेम चालू असताना दर वाढला म्हणून कुणाचे आठवडे खरंच वाढलेत का? आपोआप, की अर्ज करून?