स्टेशनमागचं निवारागृह: पत्रे बदलून उघडायचं, की कुटुंबांसाठी नव्याने बांधायचं?

अंगणवाडीताई
मे महिन्यातल्या वादळात आपल्या गावच्या बेघर निवारागृहाचे निम्मे पत्रे उडाले, पश्चिमेची भिंत खचली. तेव्हापासून दाराला कुलूप आहे. आता पालिकेच्या सभेपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, पत्रे बदलून होतं तसं सुरू करायचं. दुसरा, ते पाडून कुटुंबांना राहता येईल असं बांधायचं आणि पैसे पालिकेने स्वनिधीतून घालायचे. मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने आहे.

जुनं निवारागृह म्हणजे एक लांबलचक हॉल आणि टोकाला बायकांची खोली. कुटुंब आलं की नवरा हॉलमध्ये, बायको लेकरांना घेऊन खोलीत. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्यालाही हॉलमध्ये पाठवायचे. ऊसतोडीहून परतलेलं तळोद्याकडचं एक कुटुंब मला आठवतं. उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने रिकाम्या हाताने लावून दिलेलं. थोरला पोरगा अनोळखी माणसांत झोपायला तयार होईना आणि आई त्याला एकटं सोडेना. शेवटी पाचही जण फाटकाबाहेरच्या ओट्यावर झोपले. आत जागा होती, तरी.

बायकांच्या खोलीत दोन कुटुंबांनी खिडकीच्या गजाला साडी बांधून आडोसा केला होता. फरशीवर विटकरीने हद्दीच्या रेघा ओढल्या होत्या. त्या अजून दिसतात, फुटक्या खिडकीतून बघा कधी.

नुसते पत्रे टाकले तर पुन्हा हेच होणार.

बाजारपेठ_चौक
ताई, तुमची तळमळ खरी आहे, पण माझा विरोध आहे. मी मार्चच्या आत घरपट्टी भरणारा माणूस. आमच्या गल्लीत नळाला नवव्या दिवशी पाणी येतं, तेही रात्री दोनला. पालिकेने आधी पाणी, गटारी, दिवाबत्ती नीट करावी. बेघरांची जबाबदारी राज्याची आणि केंद्राची आहे, त्यासाठी योजना आहेत. स्वनिधी म्हणजे आमच्या खिशातला पैसा. आणि येणारे बहुतेक बाहेरगावचे. चांगली सोय केली की आणखी येतील. हे कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

निवृत्त_लेखापाल
योजनांचा विषय निघाला म्हणून थोडं सविस्तर लिहितो. या कामात माझी वर्षं गेली आहेत.

2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय असलेला एक निवारा हवा, आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. पुढे 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं. त्यात बेघर निवाऱ्याची योजना होती. माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास-बाथरूम, स्वयंपाकाची सोय, सगळं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. फक्त पुरुषांचे, फक्त बायकांचे आणि कुटुंबांचे निवारे वेगवेगळे असावेत हेही त्यातच आहे. म्हणजे ताई काही जगावेगळं मागत नाहीत.

पण त्या अभियानाची मुदत सप्टेंबर 2024 ला संपली. त्यामुळे 'वरून पैसे येतील' म्हणणाऱ्यांनी ते कोणत्या लेखाशीर्षाखाली येणार ते सांगावं. बांधकामासाठी जिल्हा नियोजन समितीकडे नगरोत्थानमधून, म्हणजे शहरांतल्या कामांसाठीच्या राज्याच्या योजनेतून, मागणी करता येईल. रखवालदाराचा पगार, वीजबिल, फिनेल-झाडू हा खर्च मात्र त्यातून भागत नाही, तो पालिकेलाच करावा लागेल. महिला व बालकल्याणासाठी रक्कम राखून ठेवावीच लागते. ती दरवर्षी कशावर उडते ते सगळ्यांना माहीत आहे. शिलाई मशीन वाटपाचे फोटो पुरे झाले आता.

जळगावचा_रहिवासी
पालिकेच्या हाती बांधकाम देऊच नका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे गरिबांना घरकुलं द्यायची म्हणून हुडको या केंद्र सरकारच्या घरबांधणी कंपनीचं कर्ज काढलं. अकरा हजारांवर घरं बांधायची होती, त्यातली कित्येक अर्धवट उभी राहिली. 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात 48 जणांना शिक्षा सुनावली. 2003 मध्ये आमची महानगरपालिका झाली ती ते कर्ज डोक्यावर घेऊनच, आणि हप्ते फेडता फेडता शहराचे रस्ते गेले. गरिबाचं नाव पुढे केलं की कोणी हिशोब विचारत नाही, हे आम्ही फार महागात शिकलो. पालिकेने जागा द्यावी, बांधायचं आणि चालवायचं काम एखाद्या ट्रस्टने करावं.

अंगणवाडीताई
जळगावचे भाऊ, तुमची भीती मी उडवून लावणार नाही. पण ते कर्जाचं काम होतं, हजारो घरांचं. हे पन्नास माणसांचं, एका छपराचं काम आहे.

ट्रस्टचा अनुभव आम्हीही घेतला आहे. जुनं निवारागृह एक संस्थाच चालवत होती. अनुदान थकलं, रखवालदाराला चार महिने पगार नाही, एक दिवस त्याने किल्ली ऑफिसच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्यानंतर वादळापर्यंत रात्री कुलूप लावायलाही माणूस नव्हता. त्या दिवसांत तिथे एका बाईला जो त्रास झाला तो मी इथे लिहिणार नाही. पालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी ठरलेली तरतूद असेल तरच तिथे माणूस टिकेल.

विटासिमेंट
हिशोब मांडतो. पन्नास माणसं गुणिले 50 म्हणजे अडीच हजार चौरस फूट. साधं आरसीसी काम मला 1,800 रुपये फुटाच्या खाली जमत नाही. म्हणजे 45 लाख, त्यात संडास-बाथरूम आणि स्वयंपाकाची जागा वेगळी.

मी तो हॉल बाहेरून फिरून बघितला. एकच भिंत खचली आहे, तीही पाया धसल्यामुळे नाही, पन्हळीचं पाणी वर्षानुवर्षे तिथेच मुरल्यामुळे. बाकी तिन्ही भिंती ठणठणीत आहेत. मग पाडायचं कशाला? आतून साडेचार इंची भिंती घालून खोल्या करा, प्रत्येकीला दार आणि आतून कडी. पत्रे मात्र नको, स्लॅबच टाका. आपल्याकडे मेमध्ये पारा 45 च्या वर जातो, पत्र्याखाली तान्हं बाळ ठेवून बघा. खर्च निम्म्यावर येईल असं मला वाटतं.

घर_द्या
निवारा हवाच कशाला? पंतप्रधान आवासमधून या लोकांना घरं द्या, विषय कायमचा संपेल. निवारा म्हणजे गरिबीला मुक्कामाची सोय.

निवृत्त_लेखापाल
घर बांधायला आवासचे अडीच लाख मिळतात ते स्वतःच्या नावावर जागा असेल तर. फाटकाबाहेर झोपणाऱ्याच्या नावावर कुठला सातबारा? घर मिळायलाच हवं, पण यादीत नाव लागेपर्यंत रात्री काढायच्या कुठे?

साक्रीकर
कोनी हौसखातर रस्तावर झोपस का भाऊ? तुमना पोटमा अन्न शे म्हनीसन बोलनं सोपं शे.

सिव्हिलवाली_सिस्टर
मी सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आहे. 'बाहेरगावचे' हा शब्द वाचला म्हणून लिहिते. धडगाव, अक्कलकुवा भागातून बाया येतात, कधी मजुरीच्या गावाहून परस्पर आणतात. सुट्टी दिली की कागद हातात, बाळ कपड्यात गुंडाळलेलं, आणि पहिली गाडी सकाळी. ती रात्र एसटी स्टँडवर जाते. डिसेंबरात धुळ्याकडे पारा सहा-सातवर येतो. चार दिवसांचं बाळ घेऊन पुन्हा आमच्याकडेच आलेली आई मी बघितली आहे, बाळाचं अंग गार पडलेलं. ते वाचलं. दर वेळी वाचतंच असं नाही. आपल्या शेतात कापूस वेचायला, केळीचे घड वाहायला ही माणसं चालतात, मग रात्री ती बाहेरगावची कशी होतात?

बाजारपेठ_चौक
सिस्टर, तो शब्द मी मागे घेतो. माझ्या सासरवाडीचा केळीचा बाग अशाच माणसांवर चालतो.

पण पैशाच्या मुद्द्यावर मी ठाम आहे. बांधकामाला स्वनिधी नको, नगरोत्थानमधून मागा. रखवालदाराचा पगार पालिकेने द्यावा, हे मला पटलं. मात्र दर महिन्याचा जमाखर्च दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला हवा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता आला पाहिजे.

अंगणवाडीताई
फळ्याला माझा आनंदाने होकार. पण नगरोत्थानचं काम मंजूर व्हायला वर्ष जाईल, दोन पावसाळेही जातील. तोवर दोन-तीन खोल्या तरी स्वनिधीतून करायलाच हव्यात. त्या मागणीवरून मी हटणार नाही.

बाजारपेठ_चौक
संध्याकाळी दुकान बंद करून तिकडे गेलो होतो. खिडकीतून मोबाईलचा उजेड टाकला. शहाबादी फरशी आहे, दोन बाय दोनची. विटकरीच्या एका रेघेपासून दुसरीपर्यंत मोजलं. रुंदीला तीन फरश्या, लांबीला चार. म्हणजे 48 चौरस फूट. लेखापाल साहेबांनी एका माणसाला सांगितलेल्या जागेपेक्षाही कमी, आणि त्यात अख्खं कुटुंब राहत होतं.

स्वनिधीच्या दोन खोल्यांवर अजून माझा होकार नाही. नगरोत्थानच्या मागणीपत्रावर सही करतो, गल्लीतल्या दुकानदारांच्याही आणतो. कुठे यायचं?

अंगणवाडीताई
अंगणवाडीत या, चारनंतर. विटासिमेंट भाऊंनाही घेऊन या, साडेचार इंची भिंतींचा नकाशा अर्जाला जोडायचा आहे.