शब्दचर्चा : समुद्रातला 'स्टॅक' म्हणजे स्तंभ की सुळका?

प्रश्न :
मंडळी एक मदत हवीय. आमच्या ग्रुपसाठी युरोपातल्या किनाऱ्यांवर थोडं लिहितोय, फ्रान्सचं एत्रता, इंग्लंडमधला डॉर्सेट वगैरे, आणि पहिल्याच पानावर अडकलोय. पाण्यात एकटाच उभा असलेला उंच खडक, भूगोलवाले त्याला स्टॅक म्हणतात, त्याला मराठीत काय लिहू? शाळेच्या पुस्तकात 'सागरी स्तंभ' होतं आणि आर्चला 'सागरी कमान'. चूक नाहीये, पण वाचताना कुणीतरी गवंडी लावून बांधून घेतल्यासारखं वाटतं. बोलण्यातला शब्द आहे का काही?

प्रतिसाद :
सुळका लिहा की सरळ! ट्रेकवाल्या माणसाला वेगळं सांगावंच लागणार नाही. जीवधन किल्ल्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका आठवा, त्याला लोक खडा पारशी पण म्हणतात. आता स्कॉटलंडजवळ ऑर्कनी बेटांत १३७ मीटरचा लाल वाळूखडकाचा एक सुळका समुद्रात उभा आहे, त्याचं नाव ओल्ड मॅन ऑफ हॉय. इकडे पारशी, तिकडे म्हातारा, एकट्या उभ्या दगडात माणूस दिसायचाच, त्याला कोण काय करणार. १९६६ साली त्यावर पहिल्यांदा चढाई झाली आणि पुढच्या वर्षी बीबीसीने चढाई टीव्हीवर लाइव्ह दाखवली. सुळके चढणारी मंडळी तिथेही तीच, शब्द तरी वेगळा कशाला?

प्रतिसाद :
+१ आणि कमानीला नेढं. राजगडच्या सुवेळा माचीवर आहे, रतनगडावर आहे, सगळ्यांचे फोटो असतात त्यात बसलेले. नेढं म्हणजे मूळ सुईचं भोक, आणि गंमत बघा, एत्रताला पोर्त द'अवाल नावाची जी पांढरी कमान आहे तिच्या शेजारच्या सुळक्याचं फ्रेंच नावच मुळी 'सुई' आहे, म्हणजे नेढं आणि सुई शेजारी शेजारी, फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने दोघांना एकत्र रंगवलंय पण. इंग्लंडच्या आयल ऑफ वाइटलाही 'द नीडल्स' आहेत, त्यातली जी खरोखर सुईसारखी निमुळती होती ती १७६४ च्या वादळात पडली, उरलेत ते तीन जाडजूड खडक आणि नाव अजून सुयांचंच चाललंय.

प्रतिसाद :
सुळका मान्य, नेढं सगळीकडे नको. नेढं कसं, डोंगराच्या धारेत वरती आरपार भोक, वारा घोंघावत जातो. डॉर्सेटचा डर्डल डोअर तसा नाही हो, त्याचा एक पाय किनाऱ्याकडे आणि एक थेट पाण्यात, मधून लाटा जातात. ती कमानच. (हे 'डर्डल' भोक पाडणे अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलं म्हणतात, म्हणजे तुमचा मुद्दा अगदीच हवेत नाही.) आणि सुळक्यालाही अडचण आहे, ऑस्ट्रेलियातले ट्वेल्व्ह अपॉसल्स आडवे रुंद आहेत, वर सपाट. तिथे सुळका म्हटलं तर वाचणारा टोक शोधत बसेल.

प्रतिसाद :
टोकाचं सोडा हो, पण स्तंभ नकोच, कारण स्तंभ उभारतात आणि स्टॅक उरतो. जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं असतं, लाटा वळून त्याला दोन्ही बाजूंनी धडकतात, भेगा रुंदावतात, गुहा होते, दोन्हीकडच्या गुहा आत एकमेकींना मिळाल्या की कमान, कमानीचं छत पडलं की बाहेरचा पाय एकटा राहतो, तो तुमचा स्टॅक. हे लाखो वर्षांत होतं वगैरे आपण वाचतो पण अपॉसल्सजवळच लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, जानेवारी १९९० मध्ये तिचा किनाऱ्याकडचा भाग दिवसाढवळ्या कोसळला आणि त्यावरून चालत पुढे गेलेले दोन पर्यटक पलीकडेच अडकले, हेलिकॉप्टरने काढावं लागलं त्यांना. म्हणजे जाताना जमिनीचं टोक आणि परत फिरेपर्यंत बेट! आता तिला लंडन आर्च म्हणतात. माल्टाच्या गोझो बेटावरची अझुर विंडो मार्च २०१७ मध्ये पडली तिचं तर काहीच उभं उरलं नाही. आणि अपॉसल्स बारा कधी नव्हतेच, पूर्वी त्या जागेला 'डुकरीण आणि पिल्लं' अशा अर्थाचं नाव होतं, २००५ मध्ये त्यातला एक ढासळला. रुंदांना 'सुटा कडा' म्हणून बघा, मला बरं वाटतंय.

प्रतिसाद :
सुटा कडा झकास. आमच्या कोकणात भरतीला बुडतं आणि ओहोटीला उघडं पडतं ते खडप, बायका कालवं काढायला जातात तिथे. पुस्तकातलं 'तरंगघर्षित मंच' (लाटांनी झिजवलेला सपाट खडक) हे भयंकर प्रकरण म्हणजे बऱ्याचदा हेच असतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा केली असेल तर तुम्ही त्याच्यावरूनच चालून आलात, म्हणून तर ती ओहोटीलाच करतात. स्टॅक झिजून झिजून बुडखा राहिला की त्यालाही खडप म्हणा, मासेमारीवाला बरोब्बर ओळखेल.

प्रश्नकर्ता :
वा, धन्यवाद सगळ्यांना! सुळका, सुटा कडा, कमान आणि खडप घेतो, नेढं एत्रताच्या एका वाक्यात तरी घुसवणारच. आता शेवटचं, फियॉर्डला खाडी चालेल का?

प्रतिसाद :
नको. खाडी म्हटलं की चिखल, खाजण आणि होड्या. नॉर्वेचा सोग्नेफियॉर्ड दोनशे किलोमीटरच्या वर आत गेलाय आणि तेराशे मीटर खोल आहे, हिमनदीने कोरलेली दरी आहे ती, फियॉर्डच ठेवा. खाडी वापरायची हौस असेल तर स्पेनच्या गॅलिसियातल्या 'रिया' घ्या, नदीचीच दरी समुद्राने भरलेली, शिंपल्यांची शेती पण चालते. तिथे बिनधास्त खाडी लिहा.