आयरिश-अमेरिकन बँडवाले एवढं सगळं जमवतात कसं?

प्रश्न: मी बॉस्टनला राहते, यंदा मार्चमध्ये ड्रॉपकिक मर्फीज हा बँड पहिल्यांदा लाइव्ह ऐकला आणि तो बॅगपाइप कानातून जातच नाहीये. बँजो, अकॉर्डियन, ड्रम, गिटार सगळं एकत्र, मग रेकॉर्डिंग कसं करत असतील? आणि कायम दौऱ्यावरच का?

प्रतिसाद 1: ताई, दौरा हेच पोटपाणी. 1996 ला बॉस्टनजवळच्या क्विन्सीत सुरू झालेला बँड आहे हा, आणि 17 मार्चचा, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाचा आठवडा म्हणजे आपल्या ढोलताशा पथकांचा गणपतीच समजा. 2020 ला कोविडमुळे हॉल बंद, तरी त्यांनी प्रेक्षकांशिवाय वाजवून 17 मार्चलाच ऑनलाइन स्ट्रीम केलं.

प्रतिसाद 2: बॅगपाइपचं सांगतो. नऊच स्वर, सा साधारण काळी पाच किंवा जरा वरच, आणि पट्टी बदलायची सोय नाही, त्यामुळे बाकीच्यांनीच त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आवाज कमीजास्त करता येत नाही, फिडलच्या (व्हायोलिनच्या) माइकमध्ये घुसतो म्हणून स्टुडिओत बहुतेकदा वेगळा ट्रॅक घेतात.

प्रतिसाद 3: फ्लॉगिंग मॉली हा बँड पण ऐकाच! लॉस एंजेलिसच्या मॉली मलोन्स पबमध्ये दर सोमवारी वाजवायचे, नाव तिथूनच आलं. आणि मुळाशी जायचं तर मायकल कोलमन, आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवाला, 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याने तीनेक मिनिटांच्या तबकड्या केल्या, त्या परत आयर्लंडला पोचल्या आणि तिथले लोक त्याच्यासारखं वाजवायला लागले. मला तर ऐकताना अजून काटा येतो.